शेवटच्या पत्त्यावरचे साडेआठ हजार : ऐरोलीतील एका पोकर-डावाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ऐरोलीतील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या तळमजल्यावरच्या सभागृहात दर शनिवारी रात्री सहा जण पोकर खेळायला बसतात. खेळ नो-लिमिट टेक्सास होल्डेम या परिचित प्रकारचा असतो : प्रत्येकाला दोन बंद पत्ते, मध्ये टप्प्याटप्प्याने उघडले जाणारे पाच सामाईक पत्ते, आणि प्रत्येक टप्प्यावर बेट लावण्याची, ती कॉल करण्याची (तेवढेच गुण टाकून डावात राहण्याची), वाढवण्याची किंवा पत्ते टाकून देण्याची मुभा. पैशाचा संबंध अजिबात नाही. सुरुवातीला प्रत्येकाला २०,००० गुणांच्या चिप मिळतात, रात्र संपताना शिल्लक मोजून वहीत उतरवली जाते आणि वर्षअखेरीस गुणतक्ता फळ्यावर लागतो. याहून मोठे बक्षीस कोणालाही नाही. राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहेच, शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने, खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळले जाणारे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले आणि पोकरची ॲपही त्यात थांबली. या प्रकरणातील मुख्य खेळाडू आमच्या टेबलावर आला तो त्यानंतरच.

त्याला येथे अभियंता म्हणू. तो रबाळे औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात देखभाल विभाग सांभाळतो, ठाण्याला राहतो आणि शनिवारी दुसरी पाळी आटोपून थेट खेळायला येतो. ॲपवर त्याने पुष्कळ डाव खेळलेले होते आणि पोकरचे गणित त्याला आमच्यापैकी कोणाहीपेक्षा जास्त येत होते. त्याच्यासमोरचा खेळाडू म्हणजे सहकारी बँकेतून निवृत्त झालेले काका. त्यांनी पोकरचे एकही पुस्तक वाचलेले नाही. मेंढीकोट आणि रमी यांवर हात बसलेला, पडलेले पत्ते लक्षात ठेवण्याची सवय पक्की, आणि पत्ते चांगले आल्याशिवाय हात न घालण्याची ख्याती. तिसऱ्या व्यक्ती म्हणजे गणिताच्या शिक्षिका, ज्यांना सगळे ताई म्हणतात. त्या चौकटीच्या वहीत, ज्या डावांत शेवटी पत्ते उघडले गेले त्यांची नोंद ठेवतात. प्रस्तुत लेखक त्या डावात पत्ते पाहताच बाहेर पडला होता, त्यामुळे पुढचे सगळे त्याला निवांत पाहता आले.

डाव

ब्लाइंड, म्हणजे पत्ते पाहण्यापूर्वी दोघांनी सक्तीने टाकायचे गुण, १०० आणि २०० होते. बोलायची पहिली पाळी काकांची होती. त्यांनी ६०० केले. मधल्या दोघांनी पत्ते टाकले. अभियंता बटनवर, म्हणजे पुढच्या प्रत्येक फेरीत सर्वांत शेवटी बोलण्याच्या सोयीच्या जागेवर होता. त्याच्याकडे बदामाचा एक्का आणि चौकटची राणी होती. त्याने फोन खाली ठेवला, पत्त्यांचे कोपरे वर करून पाहिली आणि दोन सेकंदांत ६०० टाकले. ब्लाइंडवाले दोघे बाहेर पडले. पॉट, म्हणजे मध्ये जमलेले गुण, १,५०० झाला.

फ्लॉपवर, म्हणजे पहिल्या तीन सामाईक पत्त्यांत, इस्पिकची राणी, इस्पिकची अठ्ठी आणि किलवरची तिर्री उघडली. काकांनी १,००० लावले, अभियंत्याने कॉल केला. चौथा पत्ता, म्हणजे टर्न, चौकटची छक्की. काकांनी २,५०० लावले, अभियंत्याने पुन्हा कॉल केला. पॉट ८,५०० झाला. पाचवा पत्ता, म्हणजे रिव्हर, बदामाची दुर्री. तिने कोणाचे काही बनवले असण्याची शक्यता जवळजवळ नव्हती, आणि इस्पिकचा फ्लश, म्हणजे पाचही पत्ते इस्पिकचे, शोधणाऱ्याच्या हाती आता काहीच उरले नव्हते. काकांनी चिपांच्या दोन चळती मोजून, कडा जुळवून पुढे सरकवल्या आणि म्हणाले, "साडेआठ हजार." पॉटएवढीच बेट.

अभियंता तीन-चार मिनिटे विचार करत राहिला. आमच्या टेबलावर एवढा वेळ कोणी घेत नाही. त्याने काकांच्या चेहऱ्याकडे पाहिले, चिपा हातात घेतल्या, परत ठेवल्या, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, कारण ठाण्याकडे जाणारी शेवटची गाडी चुकवून चालणार नव्हते, आणि अखेर "जाऊ दे" म्हणत पत्ते टाकले. मग विचारले, "काका, काय होतं ते तरी सांगा." काका चिपा ओढून घेत म्हणाले, "बघायचं होतं तर साडेआठ हजार टाकायचे होतेस." काकांचे पत्ते काय होते, हे आजही कोणाला माहीत नाही. अभ्यासाच्या दृष्टीने हे सोयीचेच झाले. पत्ते उघडले असते, तर चर्चा त्या दोन पत्त्यांपाशीच संपली असती.

टेबलावर काय विचार झाला

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्याच घरी आम्ही चौघे बसलो, तेव्हा त्या तीन-चार मिनिटांत डोक्यात काय चालले होते ते आठवेल तसे सांगण्याची विनंती अभियंत्याला केली. त्याच्या सांगण्यात तीन गोष्टी होत्या. पहिली, काकांकडे एकतर तीन अठ्ठ्या आहेत नाहीतर काहीच नाही, असे त्याला वाटत होते. दुसरी, पॉटएवढ्या बेटीसमोर आपल्या निम्म्या पत्त्यांनी तरी कॉल केला पाहिजे, नाहीतर समोरच्याचा कुठलाही ब्लफ, म्हणजे हलक्या पत्त्यांवर लावलेली बेट, आपोआप फायद्याचा ठरतो, हा नियम त्याला आठवत होता, आणि एक्का-राणी ही त्याच्या निम्म्यातली नक्कीच होती. तिसरी, काकांचा चेहरा नेहमीपेक्षा शांत होता.

तिसरी गोष्ट बाजूला ठेवू. काकांचा चेहरा नेहमीच शांत असतो. दुसरा नियम खरा आहे, पण तो अनोळखी आणि तोलून खेळणाऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर आपले रक्षण कसे करावे ते सांगतो. समोरचा माणूस प्रत्यक्षात किती वेळा ब्लफ करतो, याविषयी तो काहीच सांगत नाही. खरी उणीव पहिल्या गोष्टीत होती. गणित येणाऱ्या माणसाने ऐन वेळी मोजणी सोडून दोन चित्रे डोळ्यांसमोर आणली, एक भीतीचे आणि एक आशेचे, आणि त्या दोहोंत निवड करत बसला. या दोन चित्रांच्या मध्ये काकांच्या हातात असू शकणारे बहुतेक सगळे पत्ते होते.

मोजणी

ताईंनी दुसरा कॅट मागवला. त्यातून बोर्डावरचे, म्हणजे मध्ये उघडलेले, पाच आणि अभियंत्याचे दोन, असे सात पत्ते बाजूला काढले आणि उरलेल्या पत्त्यांतून काकांच्या संभाव्य जोडण्या जेवणाच्या टेबलावर मांडायला सुरुवात केली. तोंडी हिशेब करण्यापेक्षा ही पद्धत बरी, कारण हातात पत्ता नसेल तर जोडणी मांडताच येत नाही आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते. काकांनी एक अट घातली : त्या रात्री काय होते ते सांगणार नाही, पण कोणत्या पत्त्यांनी मी साधारण काय करतो ते खुशाल विचारा.

पहिल्या जागेवरून ते काय घेऊन वाढवतात? उत्तर आले : सत्तीपासून वरच्या सगळ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, आणि एकाच रंगाचे एक्का-गुलाम, एक्का-दश्शी, राजा-राणी, राजा-गुलाम. दोन पत्त्यांच्या एकूण १,३२६ जोडण्यांपैकी या ९६ होतात, म्हणजे सुमारे सात टक्के. यातील कोणत्या जोडण्यांनी ते फ्लॉप, टर्न आणि रिव्हर अशा तिन्ही टप्प्यांवर बेट लावतील, हा पुढचा प्रश्न.

बोर्डावरची राणी धरून अभियंत्याची राण्यांची जोडी झाली होती. तिला हरवणाऱ्या काकांच्या जोडण्या अशा मांडल्या गेल्या. राण्यांची जोडी एकाच प्रकारे शक्य होती, कारण दोन राण्या दिसत होत्या आणि दोनच उरल्या होत्या. अठ्ठ्यांची जोडी तीन प्रकारे. एक्क्यांची जोडी एरवी सहा प्रकारे येते, पण बदामाचा एक्का अभियंत्याकडे असल्याने तीनच. राजांची जोडी सहा प्रकारे. एकूण तेरा. शिवाय एक्का-राणी सहा प्रकारे शक्य होती आणि तिच्यासमोर पॉट अर्धा-अर्धा वाटला गेला असता. ब्लफ म्हणजे फसलेले इस्पिकचे फ्लश : एक्का-राजा, एक्का-गुलाम, एक्का-दश्शी आणि राजा-गुलाम, प्रत्येकी एक, एकूण चार.

कॉल करणे म्हणजे ८,५०० टाकून २५,५०० च्या पॉटवर हक्क सांगणे. तीनपैकी एकदा जिंकले तर बरोबरी साधते. दुसऱ्या शब्दांत, हरवणाऱ्या दर दोन जोडण्यांमागे ब्लफची एक जोडणी हवी. काका तेराही जोडण्यांनी पॉटएवढी बेट लावत असतील, पण एक्का-राणीने लावत नसतील, तर साडेसहा ब्लफ हवेत. एक्का-राणीनेही लावत असतील, तर वाटून मिळणाऱ्या पॉटचा फायदा धरून पाच ब्लफ पुरतात आणि बरोबरी अगदी काटेकोर येते. राजांची जोडी हातात असताना ते शेवटच्या पत्त्यावर इतके लावत नसतील, तर हरवणाऱ्या जोडण्या सातच उरतात आणि साडेतीन ब्लफ पुरतात. हे अभियंत्याला अनपेक्षित होते. काका जितके अधिक सावध, जितक्या कमी चांगल्या पत्त्यांनी मोठी बेट लावणारे, तितके कमी ब्लफ कॉल योग्य ठरवायला लागतात. सावध माणसाच्या मोठ्या बेटीसमोर डोळे मिटून पत्ते टाकावेत, या आपल्याकडच्या ठाम समजुतीला हे सरळ छेद देते.

आता काकांना विचारले, "राजांच्या जोडीवर साडेआठ हजार लावले असतेत का?" ते म्हणाले, "छे. राजा असता तर मी बेट न लावता चेक करून बसलो असतो. समोर राणी पडलीय आणि हा पोरगा दोनदा आलाय." आणि ब्लफ? "इस्पिकचा एक्का हातात असेल तरच. राजा-गुलामाने नाही, तेवढा धीर होत नाही." म्हणजे हरवणाऱ्या जोडण्या सात, ब्लफ तीन. या दहा जोडण्यांवर सरासरी काढली, तर प्रत्येक कॉलमागे ८५० गुणांचा तोटा येतो. पोकरच्या सिद्धांतानुसार पॉटएवढी बेट लावणाऱ्याने दोन खऱ्या पत्त्यांमागे एक ब्लफ ठेवावा. काकांचे सात आणि तीन हे प्रमाण त्याच्या फारच जवळ जाते. ज्यांनी आयुष्यात कधी पोकरचे सॉफ्टवेअर उघडले नाही, त्यांच्या तोंडून हे प्रमाण आलेले पाहून ताईंनी वहीतून मान वर केली.

अभियंत्याच्या हातातील एक्क्याचा रंगही येथे महत्त्वाचा ठरतो. त्याच्याकडे बदामाऐवजी इस्पिकचा एक्का असता, तर काकांच्या तिन्ही ब्लफ जोडण्या अशक्य झाल्या असत्या आणि कॉल करण्यात काहीच अर्थ उरला नसता. टेबलावर तो या गोष्टीच्या उलट बाजूने गेला होता. इस्पिकचा एकही पत्ता आपल्याकडे नाही याचे त्याला वाईट वाटत होते, कारण फ्लॉपवर ती उणीव होती. शेवटच्या पत्त्यावर तीच उणीव त्याच्या बाजूची झाली होती.

वहीतील नोंद आणि तिची मर्यादा

काकांचे स्वतःविषयीचे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारणे योग्य नव्हते. ते खोटे बोलतील असे नाही, पण आपण कसे खेळतो आणि आपण कसे खेळतो असे आपल्याला वाटते, यांत बरेच अंतर असते. ताईंनी वही चाळली. काकांनी रिव्हरवर पॉटएवढी किंवा त्याहून मोठी बेट लावून पत्ते उघडल्याच्या ज्या नोंदी होत्या, त्यांत बहुतेक ठिकाणी त्यांच्याकडे खरोखर मोठे पत्ते होते. एका नोंदीत तर राजांचीच जोडी होती, बोर्डावर राणी वरची होती, आणि कॉल खुद्द ताईंनी केला होता. काकांना ते आठवत नव्हते. "तेव्हा पत्ते वेगळे पडले असतील," एवढेच ते म्हणाले. वहीत पत्ते लिहिलेले होते आणि ते फारसे वेगळे नव्हते.

राजांच्या सहा जोडण्या परत हिशेबात घेतल्या की चित्र पालटते. तेरा हरवणाऱ्या, तीन ब्लफ, आणि प्रत्येक कॉलमागे सरासरी ३,७०० हून अधिक गुणांचा तोटा. इस्पिकचा राजा-गुलामही ब्लफमध्ये धरला, तरी तोटा २,५०० चा उरतो. दुसऱ्या टोकाला, राजांची जोडी वगळून राजा-गुलाम धरला तर कॉल सुमारे ७७० गुणांनी फायद्याचा होतो. एकूण निर्णय या दोन जोडण्यांविषयीच्या आपल्या समजुतीवर लटकलेला होता आणि नेमक्या त्यांचा विचार टेबलावर झाला नव्हता.

अभियंता त्या राजांच्या डावाच्या वेळी टेबलावरच बसलेला होता. तो डावाबाहेर होता आणि, त्याच्याच शब्दांत, फोनवर काहीतरी बघत होता. ॲपवर खेळताना प्रत्येक डावाची नोंद आपोआप राहत असे, हवी तेव्हा उघडता येत असे. त्यामुळे स्वतः नसलेल्या डावाकडे पाहत बसण्याची सवय त्याला कधी लागलीच नाही. या प्रकरणाचा माझ्या मते गाभा येथे आहे. त्या तीन-चार मिनिटांत जी माहिती तो काकांच्या चेहऱ्यावर शोधत होता, ती त्याच्यासमोर याआधीच उघडी पडून गेली होती, आणि ती गोळा करायला एक चिपही लागली नसती.

वहीविषयी मात्र एक गंभीर शंका नोंदवली पाहिजे. तिच्यात फक्त पत्ते उघडलेले डाव येतात. समोरच्याने कॉल केला तरच पत्ते उघडतात. यशस्वी ब्लफ कधीच वहीत येत नाही, कारण तो यशस्वी झाल्यामुळेच कोणी पाहिलेला नसतो. त्यामुळे वही वाचून कोणीही खेळाडू प्रत्यक्षात आहे त्याहून अधिक सच्चा दिसू शकतो. प्रस्तुत डाव स्वतःच याचे उदाहरण आहे, तो वहीत नाही. म्हणून वहीच्या जोरावर कॉल निश्चित चुकीचा ठरवणे मला पटत नाही. पत्ते टाकणे अधिक बरोबर होते असे म्हणता येते, आणि काकांच्या खेळाविषयीची कोणतीही एक समजूत थोडी हलली तर तेही म्हणता येत नाही.

दोन सेकंदांचा निर्णय

टर्नवरच्या कॉलविषयी फार लिहिण्यासारखे नाही. २,५०० टाकून ८,५०० चा पॉट, म्हणजे सुमारे २९ टक्के शक्यता पुरेशी होती. वरच्या जोडण्यांत एकाच रंगाची राजा-राणी आणि चारही इस्पिक जोडण्या धरल्या, तर ताईंनी काढलेला आकडा ३५ टक्क्यांच्या आसपास येत होता. फ्लॉपचा कॉल तर निर्विवाद.

वाद आहे तो त्याही आधीच्या, दोन सेकंदांत झालेल्या कॉलचा. काकांच्या ९६ जोडण्यांतून अभियंत्याच्या हातातील दोन पत्ते वजा केले की ७६ उरतात. त्यांपैकी एक्के, राजे आणि राण्यांच्या जोड्या बारा, एक्का-राजाच्या बारा : या चोवीस जोडण्यांपुढे एक्का-राणी बरीच मागे असते. तिच्यापुढे स्पष्टपणे मागे असलेल्या, म्हणजे तिचाच एक पत्ता घेऊन दुसरा हलका असलेल्या जोडण्या किती? एक्का-गुलाम, एक्का-दश्शी आणि राजा-राणी मिळून नऊ. नऊ जोडण्या तिच्यासारख्याच. उरलेल्या चौतीसांपैकी तीस सत्तीपासून गुलामांपर्यंतच्या जोड्या, ज्यांच्यापुढे ती किंचित मागे असते. म्हणजे चोवीस विरुद्ध नऊ.

यावर उत्तर असे दिले जाते की, बटनवर शेवटी बोलायला मिळते आणि फ्लॉप पाहून ठरवता येते. प्रश्न असा की पाहून काय ठरवणार? राणी पडली नाही तर बहुतेक वेळा पत्ते टाकायचे. राणी पडली तर हलक्या जोड्यांवाले काका थांबतात, लहान पॉट जिंकायला मिळतो. आणि काका थांबत नाहीत तेव्हा पॉट वाढत जातो आणि माणूस नेमका साडेआठ हजारांच्या प्रश्नापाशी येऊन बसतो. अशा पत्त्यांची वाईट खोड हीच आहे की ते बसले तरी आनंद होत नाही. रिव्हरवरचा प्रश्न कठीण होता यात शंका नाही, पण काकांच्या पहिल्या जागेवरच्या ६०० वर तो कॉल झाला, त्या क्षणी हा कठीण प्रश्न पुढे कधीतरी येणारच होता. दुसऱ्या कोणी, उदाहरणार्थ हवे ते घेऊन वाढवणाऱ्या प्रस्तुत लेखकाने, ६०० केले असते तर तोच कॉल चांगला होता, किंबहुना पुन्हा वाढवणेच अधिक चांगले झाले असते.

अभियंत्याने त्या कॉलला विचार का दिला नाही, याचे त्याने दिलेले कारण प्रामाणिक होते : बराच वेळ नुसते पत्ते टाकून कंटाळा आला होता आणि एक्का-राणी पाहून बरे वाटले. चिप कमी असल्या की निर्णय लहान वाटतो. ६०० साठी कोण हिशेब मांडणार?

पुढे काय केले

या ठिकाणी जानेवारी २०१७ मधील एका सामन्याचा उल्लेख उपयोगी ठरेल. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे, कार्नेगी मेलन विद्यापीठात नोअम ब्राउन आणि तुओमस सँडहोम यांनी तयार केलेला लिब्रेटस हा प्रोग्रॅम दोघांच्या नो-लिमिट होल्डेममध्ये चार नामवंत व्यावसायिकांविरुद्ध १,२०,००० डाव खेळला आणि स्पष्ट फरकाने जिंकला. त्यातील एक भाग असा होता की, दिवसभरात प्रतिस्पर्ध्यांनी ज्या आकाराच्या बेटी लावून त्याच्या हिशेबातील भोके शोधली, त्या बेटींचा हिशेब प्रोग्रॅम रात्री नव्याने करून ठेवत असे. प्रतिस्पर्ध्याच्या खोडी शोधणे हे त्याचे काम नव्हते. तो स्वतःची भोके बुजवत होता. आमच्याकडे तेवढी गणनशक्ती नाही आणि समोर दर शनिवारी तेच पाच जण असतात, म्हणून आम्हाला दोन्ही करणे भाग आहे.

टेबलावर दोन बदल झाले. पहिला ताईंनी सुचवला. डावाबाहेर असलेल्या प्रत्येकाने, रिव्हरवर मोठी बेट लागली की, ती ब्लफ असण्याची शक्यता टक्क्यांत कागदावर लिहायची आणि पत्ते उघडले तर गुण मोजायचे. गुण मोजण्याची पद्धत ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामान अभ्यासकाने १९५० मध्ये पावसाच्या अंदाजांसारख्या भाकितांची पारख करण्यासाठी मांडलेली आहे : सांगितलेली शक्यता आणि प्रत्यक्ष घडलेले (घडले तर १, नाही तर ०), यांतील फरकाचा वर्ग. ब्लफ असण्याची शक्यता ७० टक्के सांगितली आणि ब्लफ नव्हता, तर ०.४९, २० टक्के सांगितली असती तर ०.०४. गुण जितके कमी तितके बरे. नेहमी ५० टक्के लिहिणाऱ्याला प्रत्येक वेळी ०.२५ मिळतात, म्हणजे कुंपणावर बसण्याचीही किंमत मोजावी लागते. नवी मुंबईतल्या जुलैत राहणाऱ्यांना ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. तिचा मुख्य उपयोग वेगळाच झाला. फोन टेबलावर उलटे ठेवले जाऊ लागले.

दुसरा बदल वहीतील पक्षपात दूर करण्यासाठी होता. ज्याची रिव्हरवरची बेट कोणी कॉल केली नाही, त्याने आपले पत्ते चिठ्ठीवर लिहून पत्र्याच्या डब्यात टाकायचे. यावर काका अडून बसले. "मग ब्लफ मारण्यात मजा काय राहिली?" त्यांचा आक्षेप बरोबर होता, लपवलेली माहिती हीच या खेळाची पुंजी आहे. अखेर डबा तीन महिन्यांनी उघडायचा आणि तोवर तो ताईंच्या कपाटात ठेवायचा, या अटीवर ते तयार झाले. पैसे लावून खेळणाऱ्या टेबलावर अशी तडजोड कोणी मान्य करणार नाही. त्या शनिवारच्या डावाची चिठ्ठी मात्र त्यांनी लिहिली नाही. नियम मागील तारखेपासून लागू होत नाही, असे त्यांनी बँकेच्या परिपत्रकाच्या सुरात सांगितले.

अभियंत्याने स्वतःसाठी एक छोटी सवय लावून घेतली. पहिला कॉल करण्यापूर्वी तो वाढवणाऱ्याची जागा आणि माणूस मनात म्हणतो आणि त्याच्या अंदाजे किती जोडण्या आपल्या पुढे आहेत ते ठरवतो. त्याला यासाठी दहा-पंधरा सेकंद लागतात, आणि सुरुवातीला बाकीच्यांची त्यावर कुरकुर झाली. काकांच्या पहिल्या जागेवरच्या रेझसमोर तो आता वेगवेगळ्या रंगांची एक्का-राणी टाकून देतो. इतर चौघांसमोर तो तीच एक्का-राणी घेऊन पुन्हा वाढवतो आणि बऱ्याचदा फ्लॉप न पाहताच पॉट घेतो.

काकांच्या हे लक्षात यायला फार दिवस लागले नाहीत. बटनवरचा पोरगा आपल्या ६०० ला मान देतो, हे कळताच त्यांनी पहिल्या जागेवरून पूर्वी न घेतलेले पत्ते घ्यायला सुरुवात केली. गेल्या खेपेला उघडलेल्या एका डावात त्यांच्याकडे किलवरची दश्शी आणि नश्शी निघाली, जी त्यांनी सांगितलेल्या यादीत कुठेच नव्हती. ताईंनी ती वहीत लाल पेनाने लिहिली. ९६ चा आकडा आणि त्यावर उभे असलेले चोवीस विरुद्ध नऊ हे गणित त्यामुळे जुने झाले आहे. डबा उघडल्यावर ते नव्याने मांडायचे ठरले आहे.